दोन्हीकडे तेच आकडे

राहू, ता. दौंड
११ नोव्हेंबर २०२४

चि. पूनम,

जयभीम. मामाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथं कोणी आजारी नाही. तुझ्या आईला आधी एवढं सांग, नाहीतर अनिता पाकीट बघूनच डोळ्याला पदर लावेल. फोन मुद्दाम केला नाही. माझ्या कानांनी आता पुरती रजा घेतली आहे. अनिता पलीकडून बोलते, मी इकडून ‘व्हय, व्हय’ करतो आणि दोघंही समाधानानं फोन ठेवतो. मेसेज केलास तर माझ्या बटणांच्या फोनवर मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. तेव्हा पोस्टाशिवाय इलाज नाही.

काम तुझ्या आजीच्या गाण्यांचं आहे. आई जायच्या आधी चार वर्षं मी रोज सकाळी तिच्या खाटेशेजारी कॉम्प्युटर मांडून बसायचो. तेव्हा मला ऐकू यायचं. ती जात्यावरची गाणी सांगायची, बाबासाहेबांवरची, शाळेवरची, पाणवठ्यावरची, आणि मी टाइप करायचो. मोजून तीनशे चाळीस झाली. वहीत एकही नाही. रिटायर झाल्यावर नवीन टायपिंग शिकल्याची हौस दांडगी, त्यामुळे सगळं थेट मशीनवर.

आता ते मशीन आचके देतंय. जवळच वीज पडली तेव्हापासून त्याची पेन ड्राइव्ह लावायची भोकंही मेली आहेत. मी नवा कॉम्प्युटर आणला. दुकानदार माऊली म्हणाला, जुन्याची डिस्क काढून माझ्याकडे द्या. आईची गाणी परक्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला माझं मन होईना. मग त्यानं दुसरा उपाय सांगितला. दोन्ही मशीन एका केबलनं थेट जोडायची, दोघांना नेटवर्कचा एकेक पत्ता द्यायचा, म्हणजे आकडे, आणि मग इकडच्या फायली तिकडे जातात. केबल आणली आहे. आकडे कसे घालायचे हे तो सांगायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, माझी भाची रांजणगावला कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, ती सांगेल.

१४ एप्रिलला विहारात आईचं पुस्तक काढायचं ठरलंय. छापखान्याला फेब्रुवारीअखेर मजकूर हवा. गेल्या जयंतीला ज्या स्टेजवर तुझा सत्कार झाला तिथंच तुझ्या आजीचं पुस्तक निघेल. मला काय करायचं ते सविस्तर लिही. पायरीपायरीनं सांगितलंस तर मी चुकणार नाही.

तुझा
हौशीराम मामा


मांडवगण फराटा, ता. शिरूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

जयभीम. पत्र मिळालं. काम अगदी किरकोळ आहे, आम्ही कंपनीत रोजच हे करतो. गुरुवारच्या सुट्टीला आले असते, पण सध्या ऑडिट आहे आणि आमच्या डिपार्टमेंटला सुट्टी बंद केली आहे.

केबलचं एक टोक जुन्याच्या मागे लावा, दुसरं नव्याच्या. स्क्रीनवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जा. तिथे पत्ता आपोआप घ्यायचा की स्वतः लिहायचा असं विचारतील. स्वतः लिहायचा निवडा. मग पहिल्या चौकटीत 192.168.0.1 घाला आणि तिच्या खालच्या चौकटीत 255.255.255.0. बाकी रिकामं ठेवा. मग दुसऱ्या मशीनवर हेच करा. दोन्हीकडे हुबेहूब तेच आकडे हवेत, एकाचाही फरक नको. आमच्या कंपनीत हा नियमच आहे. दोन्हीकडचा नंबर जुळला तरच काम पुढे सरकतं, नाहीतर लाल दिवा लागतो.

एवढं केलं की दोन्ही मशीन एकमेकांना ओळखतील. आई मजेत आहे. तिला दादाचं अक्षर बघून भरून आलं.

तुमची
पूनम


राहू
२ डिसेंबर २०२४

चि. पूनम,

तू लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, पण जमत नाही. पहिल्या मशीनवर आकडे बसतात. दुसऱ्यावर घातले की पाटी येते की या नेटवर्कवर हाच पत्ता दुसऱ्या मशीननं घेतलेला आहे. मी पुसतो, चष्मा स्वच्छ करतो, तुझं पत्र शेजारी ठेवून एकेका आकड्यावर बोट ठेवून पुन्हा घालतो. पुन्हा तीच पाटी. दहा-बारा दिवस झाले. सांगायला लाज वाटते पोरी, चार आकडे धड घालता येईनात.

एक शंका आली, ती रागावू नकोस म्हणून भीत भीत लिहितो. दौंड जंक्शनला पॉइंट्समन म्हणून मी छत्तीस वर्षं गाड्यांना रूळ बदलून दिले. आमच्याकडे एकाच वेळी दोन गाड्यांना एक नंबर कधी देत नाहीत. दिला तर कोणती कुठं आहे हे कळायचं कसं? इथं दोन्ही मशीनला एकच आकडा घालायचा हे माझ्या डोक्यात बसत नाही. पण कॉम्प्युटरचं शास्त्र वेगळं असेल. तू शिकलेली आहेस, तू म्हणशील तसं.

जुनं मशीन आता अर्ध्या तासात बंद पडतं. तुला एक दिवस यायला जमेल का?

मामा


मांडवगण फराटा
९ डिसेंबर २०२४

ती. मामा,

ऑडिट संपलेलं नाही, इतक्यात येणं होणार नाही. मी पुन्हा तपासलं. मी लिहिलेले आकडे बरोबर आहेत. मामा, ही रेल्वे नाही. इथले नियम वेगळे असतात आणि ते शिकायला वर्षं जातात. तुमचा कुठेतरी टिंब राहत असेल किंवा शून्याच्या जागी दुसरं काही पडत असेल. या वयात बोटं चुकतात, वाईट वाटून घेऊ नका. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि शांतपणे पहिल्यापासून घाला. नक्की होईल.

पूनम


राहू
६ जानेवारी २०२५

चि. पूनम,

तुला पुन्हा त्रास देणार नव्हतो, पण तू मनात वाट बघत असशील म्हणून कळवतो. जुनं मशीन गेलं.

बोटं चुकत असतील असं तू म्हणालीस ते मी मनावर घेतलं. रोज सकाळी बसायचो. मशीन बंद करायचं, सुरू करायचं, आकडे पुसायचे, पुन्हा घालायचे. प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या मागे रेघ मारली. अडतीस रेघा झाल्या. दोन तारखेला मशीन सुरू होता होताच मिटलं. आता बटण दाबलं की दिवा लागतो, मिनिटभर घरघर होते आणि विझतो.

विहारात मी सांगून टाकलं की पुस्तक निघणार नाही. आपल्या वस्तीतली गिताबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “म्हाताऱ्यानं आईची गानी घालवली.” तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, ऐकायची गरज पडली नाही. तिचं काही चुकलं नाही. तुझ्यासारखी जाणकार सांगणारी असून मला जमलं नाही, तर दोष कुणाला देणार?

तुझा बहुमोल वेळ घेतला. अनिताला यातलं काही सांगू नकोस. तिची आई माझ्या हातून दुसऱ्यांदा गेली असं तिला वाटेल.

मामा


मांडवगण फराटा
१२ जानेवारी २०२५

मामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुमची बोटं चुकली नव्हती. आकडेच चुकीचे होते आणि ते मी दिले होते. तुमचं पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी आमच्या मेंटेनन्सच्या सुमितला विचारलं. मैत्रिणीच्या मामांचं काम आहे म्हणाले, तिथेही खोटं बोलले. तो हसला नाही. एका रद्द लेबलच्या मागे त्यानं दोन चौकोन काढले, मधे एक रेघ ओढली आणि म्हणाला, “दोघांना एकच नंबर दिल्यावं कोन कुनाला हाक मारनार, ताई?” पहिले तीन भाग दोन्हीकडे सारखे ठेवायचे, म्हणजे एका वस्तीतले आहेत हे कळतं. शेवटचा आकडा मात्र वेगळा हवा. एकाला एक, दुसऱ्याला दोन. एवढंच होतं. तुम्ही गाड्यांचं लिहिलं होतं तेच.

मी इंजिनिअर नाही. शिरूरचा डिप्लोमा माझा पुरा झालाच नाही. दोन विषय राहिले, त्यातला एक हा नेटवर्कचाच होता. पुन्हा परीक्षेला बसलेच नाही. कंपनीत मी पॅकिंगला आहे. तीन वर्षं खोक्यांवर लेबल चिकटवते. आतल्या खोक्याचा आणि बाहेरच्या खोक्याचा नंबर एकच असावा लागतो. स्कॅनर लावला आणि नंबर जुळले की हिरवा दिवा, नाही जुळले की लाल आणि लाइन बंद. दिवसाला नऊशे वेळा मी हेच बघते. तुम्ही दोन मशीन जोडायची म्हणालात तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. जुळले पाहिजेत, एवढंच डोक्यात आलं. जुनी वही काढून त्यातला एक आकडा उतरवला आणि दोन्हीकडे लावला. ऑडिट वगैरे काही नव्हतं. तुमच्यासमोर येऊन मशीनला हात लावायची हिंमत नव्हती.

सत्काराच्या दिवशीच सांगायला हवं होतं. तुम्ही शाल घातलीत, काचेच्या सन्मानचिन्हावर ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ कोरलेलं होतं, समोर लहान मुली टाळ्या वाजवत होत्या. मी मान खाली घालून घेतलं. तेव्हा गप्प बसले ते पुढे निभवावं लागलं.

हे सगळं एक वेळ चालेल. पण ‘या वयात बोटं चुकतात’ हे मी लिहिलं. मी बरोबर आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, तरी लिहिलं. तुम्ही ते खरं मानून अडतीस रेघा मारल्या. कॅन्टीनमध्ये डबा उघडला की मला त्या रेघा दिसतात. लोकांनी तुम्हाला नावं ठेवली आणि तुम्ही ऐकून घेतलीत, ती माझी होती. विहारात माझं नाव सांगा.

सुमित म्हणतो, मशीन बहुतेक तापून बंद पडतंय, आतला पंखा गेला असेल. बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला तर थोडा वेळ चालू शकेल. खात्री नाही. तोवर बटणाला हात लावू नका. गुरुवारी, २३ तारखेला मी येते. दार उघडलं नाहीत तरी मला समजेल.

पूनम


राहू
१८ जानेवारी २०२५

पूनम,

पत्र वाचून दोन दिवस जेवणावर मन नव्हतं. राग आला. आकड्यांचा नाही, बोटांचा आला. या बोटांनी मी अंधारात, धुक्यात रुळांच्या कळा ओढल्या आणि एकदाही गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही. तू मला म्हातारा म्हणालीस आणि मी लगेच म्हातारा झालो.

पण आता माझं ऐक. सत्काराच्या आधी, मार्च महिन्यात, अनितानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “दादा, पूनी पॅकिंगला हाय. तिला चारचौघांत इंजिनेर म्हनू नगं.” तेव्हा माझे कान इतके गेले नव्हते. मला स्वच्छ ऐकू आलं. तरी मी दौंडला जाऊन सन्मानचिन्हावर तेच कोरून घेतलं. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या नावापुढं तो शब्द एकदा लिहिलेला बघायचा होता. तुझी मान खाली गेली तेही मी स्टेजवरून पाहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलो.

नंतर ज्याला त्याला सांगत सुटलो. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. दोन गाड्यांना एक नंबर नसतो हे मला ठाऊक असूनही तुझ्यापुढं मान तुकवली. कोणापुढं तुकवली? मीच कोरून घेतलेल्या पदवीपुढं. माऊली दुकानदार सगळं सांगायला तयार होता, त्याला मीच गप्प केलं. तेव्हा सगळा दोष एकटीनं उचलून नेऊ नकोस, त्यातला मोठा भाग माझा आहे.

दार उघडं आहे. टेबलफॅन पुसून ठेवतो.

हौशीराम मामा


मांडवगण फराटा
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

त्या दिवशी तुमच्यासमोर बसून जे बोलायचं होतं ते राहिलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडायला लागलं असतं आणि माफी ओरडून मागता येत नाही.

जुन्याला 192.168.0.1 आणि नव्याला 192.168.0.2 घातलं आणि पाटी आली नाही. मग नव्यावरून जुन्याला हाक मारायची कमांड दिली आणि चार ओळींत चार वेळा उत्तर आलं. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालात, “ओ दिली बघ तिनं.” मशीनला ‘तिनं’ म्हणालात. तिथून पुढे मला नीट दिसेना.

गाणी एकेक करून सरकत होती तेव्हा मी आकडा मोजत होते. दोनशे ऐंशीनंतर डिस्क करकरायला लागली. दोनशे शहाऐंशीवर ती थांबली आणि मशीन विझलं ते विझलंच. मी सोबत आणलेली डिस्क सुमितनं उघडायचा प्रयत्न केला. म्हणाला, पुढचं वाचता येत नाही, वारंवार बंद-चालू झाल्यानं ती घासली गेली आहे. त्यानं सहज सांगितलं, त्याला रेघांचं माहीत नाही. चोपन्न गाणी गेली, मामा. आजीनं शेवटच्या वर्षात सांगितलेली.

आईपासून हे लपवलं नाही. तिनं मला काही बोल लावला नाही. भाकरी थापत होती, थापतच राहिली. थोड्या वेळानं गुणगुणायला लागली. मी वही घेऊन चुलीपाशी बसले. चार दिवसांत नऊ गाणी निघाली. आलेल्या दोनशे शहाऐंशीत शोधलं, त्यात ती नाहीत. म्हणजे हरवलेल्यांतली आहेत. एक इथेच लिहिते, बाकीची सोबतच्या कागदांवर आहेत.

अंगठ्याची शाई, बाई, मी गं धुतली नदीला
लेकीचं माझ्या नाव आलं शाळंच्या यादीला

हे मी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं आणि मला आठवत नव्हतं. उरलेली पंचेचाळीस कुणालाच आठवत नाहीत. त्यांचा हिशेब मी कुठे चुकता करणार, मला कळत नाही.

१४ एप्रिलला मी येणार नाही. त्या स्टेजसमोर मला उभं राहवणार नाही. आई येईल. तिच्याबरोबर ते सन्मानचिन्ह परत पाठवते आहे. कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून त्यावर कंपनीतलं एक लेबल चिकटवलं आहे. सुपरवायझरला विचारून छापून घेतलं. ‘पूनम, पॅकिंग विभाग’ एवढंच आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पूनम


राहू
१६ एप्रिल २०२५

चि. पूनम,

आशीर्वाद. तू आली नाहीस ते मला समजलं, पण खुर्ची ठेवली होती आणि ती रिकामी होती हे तुला सांगायला हवं.

पुस्तक निघालं. आईच्याच नावानं ‘ताईबाईची गाणी’ असं साधं नाव ठेवलं. आत दोनशे पंच्याण्णव गाणी आहेत. शेवटी पुढचे आकडे छापून घेतले, दोनशे शहाण्णवपासून तीनशे चाळीसपर्यंत, आणि प्रत्येकापुढं दोन ओळींची कोरी जागा. छापखानेवाला म्हणाला, लोक ह्याला छपाईची चूक म्हणतील. मी म्हटलं, चूकच आहे, राहू दे.

माझी पाळी आली तेव्हा माइकवर मी उभा राहिलो. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्यानं बोललो ठाऊक नाही. अनिता म्हणते, पार रस्त्यापर्यंत गेलं. म्हटलं, “मागच्या जयंतीला मी ह्या स्टेजवं खोटं बोललो. पूनम इंजिनेर न्हाई, ती पॅकिंगला हाय, आन् हे मला तवाबी ठावं व्हतं. तिची काय चूक न्हाई, पदवी म्या कोरली. त्या खोट्यापायी आईची पंचेचाळीस गानी गेली.” तुझं नाव सांग म्हणाली होतीस, ते असं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली उतरलो तर गिताबाईनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. तीनशे बाराच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ती काही सांगत होती. तिच्या ओठांवरून मला एवढंच कळलं की ती बोलत नाही, गाते आहे. मी अनिताकडे पेन दिला. ते गाणं आईचंच आहे का हे मला ऐकून ठरवता येणार नाही. अनिता म्हणते, आहे. चव्वेचाळीस राहिली.

जुनं मशीन मी टाकलेलं नाही. केबल लावलेलीच आहे. कधी कधी सकाळी नव्यावरून त्याला हाक मारून बघतो. उत्तर येत नाही.

सन्मानचिन्ह विहाराच्या कपाटात ठेवलं, काचेतून दिसेल असं. लेबल मी नीट पाहिलं. त्या काचेचा पृष्ठभाग गोलसर आहे, त्यावर कागद बसवणं सोपं नाही. तरी ते ओळंब्यात, अगदी सरळ बसलंय, आत एक बुडबुडा नाही आणि चारही कोपरे चिकटलेले आहेत. विहारात येतो त्याला मी ते दाखवतो आणि सांगतो की हे माझ्या भाचीचं काम आहे.

हौशीराम मामा